पाठकोऱ्या कागदावरचा चेंडू

बाईंनी दिलेली यादी पाच ओळींची होती. कागद, पेन्सिली, खोडरबर, कागद एका जागी धरून ठेवायला खुंट्या, आणि खालून उजेड देणारी काचेची पेटी. कंपनीचं नाव नाही, माप नाही, काही नाही. कोणता कागद घ्यायचा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते तू ठरव. रविवारी तू काय निवडलंयस ते आधी बघेन, चित्रं नंतर.

बाई छावणी भागात राहतात. मुंबईत त्यांनी बरीच वर्षं जाहिरातींसाठी हातानं हलती चित्रं काढली. एकेक चित्र वेगळ्या कागदावर, हजारो कागद. आता भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या दोघांना शिकवतात, दोघांनाच. तिसऱ्याला जागा नाही, कारण खोलीत टेबलं दोनच मावतात. एक टेबल भरलेलं होतं. दुसऱ्यासाठी मी आले होते. काम सोपं सांगितलं होतं. चोवीस कागदांवर चोवीस चित्रं काढायची. एक चेंडू वरून पडतो, जमिनीवर आपटतो, परत वर जातो. कागद एकावर एक ठेवून भरभर पलटले की चेंडू हलताना दिसला पाहिजे. दिसला तर टेबल माझं.

मला ते टेबल का हवं होतं, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात मी आमच्या भागातल्या पाण्यावर एक पत्रक लिहिलं होतं. गारखेड्याच्या एका वस्तीत टँकरच्या रांगेत मी ते वाटत होते. एका मावशींनी ते घेतलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "चित्र नाय का ह्यात?" नाही म्हटल्यावर त्यांनी त्याची नीट चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या हंड्याखाली सारली. मी वाचून दाखवायला लागले. तेवढ्यात टँकर आला आणि माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्या रांगेत सगळ्यांच्या हातात मोबाइल होते आणि त्यातल्या कितीतरी जणी त्यावर काहीतरी बघत होत्या. त्या दिवशी मला कळलं की मला अर्ध्या मिनिटाचं असं काहीतरी करता यायला हवं, जे वाचावं लागणार नाही.

बाईंकडून यादी घेऊन आल्यावर मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली. झोपडपट्टी उठवण्याविरुद्ध, फीवाढीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. ती छापली, वाटली आणि उरलेली दिवाणाखाली रचली. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात दिवाणाखाली कधी बॅगा नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. माझी बाराखडी मी त्यांच्या मागच्या बाजूवर गिरवली. शाळेची गणितं, किराण्याची यादी, आईचे स्वेटरचे नमुने, सगळं पाठकोऱ्या कागदांवर. एक बाजू कोरी आहे तोवर कागद जिवंत आहे, असं अण्णा म्हणायचे, आणि जिवंत कागद असताना नवा आणायचा नाही हा आमच्या घरातला कायदा होता.

माझं ऐकून ते एवढंच म्हणाले, "पत्रकाचं काय वाईट झालं?"

"पत्रक कुणी वाचत नाही, अण्णा."

मी हे नको तेवढ्या जोरात बोलले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले. तो आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो.

आणि त्याच आठवड्यात मला पाच ओळींच्या यादीनं घाबरवून सोडलं. मोर्चात पोलिसांची गाडी समोर उभी असतानाही मी एवढी घाबरले नव्हते. मोबाइलवर मी शोधलं, तर प्रत्येक शिकवणारा आधी अर्धा तास वस्तू दाखवत होता. अमुक देशाची निळी पेन्सिल, तमुक देशाची खुंट्यांची पट्टी, तीन भोकं पाडणारं खास यंत्र, फिरणारी काच. खाली लोकांनी विचारलं होतं, हे नसेल तर चालेल का? त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मला संताप आला. शिकण्याआधी माणसानं गिऱ्हाईक झालंच पाहिजे, हा नियम कुणी केला? मी तिथंच ठरवलं की एकही वस्तू मागवायची नाही. सगळं घरातलं वापरायचं. बाईंना दाखवायचं की पुंडलिकनगरातल्या पोरीला हे जमतं.

संताप खरा होता. पण त्याखाली भीतीही होती, हे आज लिहिताना कबूल करते. चुकीची वस्तू विकत घेतली तर मी मूर्ख ठरले असते. घेतलीच नाही तर तत्त्वाची ठरणार होते.

मग मी कामाला लागले. शोकेसच्या मधल्या कप्प्याची काच काढली. आईनं त्या कप्प्यातले कप आणि मूर्ती खालच्या कप्प्यात कोंबल्या आणि काच फुटली तर बघ, असं दोनदा बजावलं. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बल्ब बसवून वर काच ठेवली. पेटी झाली. अण्णांच्या दोन भोकांच्या पंचिंग मशीननं कागदाला भोकं पाडायची आणि ती एका पट्टीवर बसवलेल्या दोन बोल्टमध्ये अडकवायची. खुंट्या झाल्या. बोल्ट भोकांत घट्ट बसावेत म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात पंच केलेला कागद घेऊन गेले आणि एकेक बोल्ट घालून बघितला. दुकानदार म्हणाला, ताई, कागदाला कोण नटबोल्ट लावतं? निळी पेन्सिल माझ्या शाळेच्या रंगपेटीतली सापडली. ती मेणचट होती, खोडली की कागदावर निळा फराटा उमटायचा, तरी मी तीच ठेवली.

कागदाचा तर प्रश्नच नव्हता. दिवाणाखाली होता.

शुक्रवारी दुपारी मी पहिलं पत्रक कोऱ्या बाजूनं वर ठेवलं आणि चेंडू काढला. त्यावर दुसरं ठेवलं, दुसरा चेंडू थोडा खाली काढायचा म्हणून पेटीचा दिवा लावला. कागदातून आधीचा चेंडू दिसायला हवा होता. दिसली ती अण्णांची पत्रकं. दोन्ही कागदांची छापील बाजू उजेडात वर आली होती, उलटी अक्षरं, एकावर एक, ठळक मथळे, उद्गारचिन्हं. त्या गर्दीत माझा चेंडू कुठं होता ते मला शोधावं लागलं.

मी दिवा बंद केला. इतकी साधी गोष्ट. उजेडाच्या पेटीवर पाठकोरा कागद चालत नाही, हे कुणालाही आधी सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण आमच्या घरात कागदाला नेहमी एकच बाजू असते. दुसरी बाजू आधीच कुणाची तरी असते आणि आपण तिच्याकडे बघत नाही.

शहाणपण हे होतं की उठावं, बाजारात जावं आणि कोरे कागद आणावेत. पण मी अण्णांना पत्रक कुणी वाचत नाही असं म्हटलं होतं. त्यानंतर त्यांचाच कायदा मोडून घरात नवा रिम आणायचा, हे मला जमेना. म्हणून मी गठ्ठे उपसले. फिकट छपाईची निवडली, कमी मजकुराची निवडली. गुलाबी निघाली, पिवळी निघाली, पांढरी निघाली. शनिवारी संध्याकाळपर्यंत डोळे ताणून चोवीस चेंडू काढले. नवव्या चित्रात काहीतरी बिनसलं होतं. चेंडू एकदम लहान होऊन डावीकडे सरकला होता. पेटीवर ठेवून पाहिलं तेव्हा कळलं की मी आधीचा चेंडू गिरवलाच नव्हता. खालच्या पत्रकाच्या मथळ्यात 'उठा' होतं आणि मी त्यातल्या ठ चा गोल गिरवला होता. पुन्हा काढायला तसला फिकट कागद उरला नव्हता. मी तो तसाच ठेवला.

रविवारी बाईंनी आधी वस्तू बघितल्या. बोल्ट बघून त्या हसल्या आणि पट्टी हलवून पाहिली. "हे चांगलं केलंस." निळी पेन्सिल त्यांनी बाजूला सरकवली. मग कागद उचलले आणि बोटांनी पलटले. चेंडू पडला. पडताना गुलाबी झाला, पिवळा झाला, थरथरला, मधेच आवळा झाला, पुन्हा चेंडू झाला. त्यांनी परत एकदा पलटलं. मग एक कागद उलटा केला आणि पत्रक वाचायला लागल्या. पूर्ण वाचलं, खालच्या पत्त्यापर्यंत. मी उभी होते.

हे का, असं त्यांनी विचारलं. मग मी बोलले. पाठकोऱ्या कागदाबद्दल, यादीच्या दादागिरीबद्दल, शिकण्याच्या नावाखाली चालणाऱ्या दुकानदारीबद्दल. बरीच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुझं तत्त्व तपासत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी चेंडू तपासतेय."

मग त्यांनी आपल्या टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि एक चेंडू काढायला सांगितला. दोन्ही बाजूंनी कोरा, पांढरा, पातळ. मी पेन्सिल धरली आणि हात पुढे जाईना. बिघडला तर अख्खा कागद जाणार, दोन्ही बाजूंसकट. शेवटी मी वरच्या कोपऱ्यात बोराएवढा गोल काढला.

"एवढ्या मोठ्या कागदात तुला तीच जागा मिळाली?"

मी म्हटलं, बाकीची जागा नंतर वापरता येईल. त्या मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी परत ये. कोरा कागद घेऊन ये, आणि असा निवड की खालचा दिसेल. मागच्या बाजूला एक अक्षर जरी असलं तर येऊ नकोस, टेबलासाठी अजून एक जण विचारतोय.

मी घरी न जाता शहागंजाकडे गेले. तिथं एक कागदवाले चाचा आहेत. अण्णा त्यांच्याकडूनच कागद घ्यायचे आणि लहानपणी मी अण्णांच्या सायकलवर पुढं बसून त्या दुकानात जायचे. रविवार असूनही अर्धं शटर वर होतं. मी चाचांना म्हटलं, पातळ दाखवा, खालचं वर दिसलं पाहिजे असा. त्यांनी वेगवेगळ्या जाडीचे कागद काढले. मी प्रत्येकाखाली माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक धरून दाराच्या उजेडात बघत होते. ट्रेसिंगचा कागद आरपार होता, पण त्यावर पेन्सिल घसरत होती आणि हाताच्या घामानं तो सुरकुतायला लागला. जाड कागदातून काहीच दिसेना. झेरॉक्सचा सत्तर जीएसएमचा कागद मधल्या जाडीचा निघाला. त्यातून रेघ दिसत होती आणि खोडरबरही चालत होता. पण हाच बरोबर कशावरून? मी तीन वेळा ठेवला आणि तीन वेळा उचलला.

चाचा माझ्याकडे बघत होते. "अजीब बात है बेटा," ते म्हणाले. "तुम्हारे अण्णा भी ऐसेच उजाले में पकडके देखते थे. लेकिन उनकू वो कागज होना था, जिसमें पीछे का नहीं दिखता."

मी विचारलं, का?

"बोलते थे, पढ़के लोग फेंक देंगे. बच्चे पीछे लिख सकना."

मी त्या झेरॉक्सच्या कागदाचा रिम उचलला आणि पैसे दिले. अण्णांना माहीत होतं. लोक टाकून देतील, हंड्याखाली घालतील, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं आणि तरी ते लिहीत होते. मागची बाजू त्यांनी मुद्दाम राखून ठेवली होती. मी मात्र त्यांना ते सांगायला गेले होते, जणू मीच पहिल्यांदा शोधून काढलंय.

घरात शिरताना मी रिम ओढणीखाली धरला होता, चोरी केल्यासारखा. अण्णांनी तो बघितलाच. वेष्टन फोडून एक कागद काढला, उलटा केला, सुलटा केला.

"दोन्हीकडून कोरा?"

"व्हय. पेटीवर मागचं दिसतं, म्हणून."

"मंग मागच्या बाजूचं काय करणार?"

"काही नाही. तिच्यातून उजेड जातो."

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. चाचांनी सांगितलेलं मी त्यांना सांगणार होते. मी एवढंच म्हटलं की बिघडलेले कागद मी शोकेसवर ठेवत जाईन, ते तुमचे. ते बरं म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं मात्र बाहेर येऊन पंचिंग मशीन घेऊन बसले आणि रिममधल्या एकेका कागदाला भोकं पाडायला लागले. कडा टेबलाला ठोकून, भोकं अगदी एका रेषेत. पत्रकांना फाइल लावायची त्यांची तीच पद्धत होती.

त्या आठवड्यात शोकेसवरचा ढीग वाढत गेला. पहिले दोन दिवस माझा हात कोपऱ्यातून मध्ये यायलाच तयार नव्हता. कागद बिघडला की मला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. पण सकाळी ठेवलेले कागद संध्याकाळपर्यंत अण्णांच्या अक्षरांनी भरलेले असायचे. ते पाण्यावर काहीतरी नवीन लिहीत होते. माझा चेंडू बिघडला की त्यांना कागद मिळत होता, आणि मग हळूहळू बिघडायची भीती कमी झाली. शनिवारी सगळी चोवीस चित्रं झाली. फक्त सतरावं मला खटकत होतं. जमिनीवर आपटताना चेंडू जितका चपटा व्हायला हवा तितका होत नव्हता. ते मी नव्यानं काढलं आणि सकाळी ताज्या नजरेनं बघू म्हणून वेगळं ठेवलं. शोकेसवर.

रविवारी आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. आठव्या दिवशी नळ येणार म्हटल्यावर घरात बादल्या, पिंप, मोटार, पाइप, सगळ्यांची पळापळ. त्यातच मी आवरलं, शोकेसवरचा सतरावा चेंडू उचलला, बरा वाटला, गठ्ठ्यात आपल्या जागी सरकवला आणि निघाले.

बाईंनी गठ्ठा हातात घेतला, कागद उजेडाकडे धरून मान हलवली आणि पलटला. चेंडू पडला, चपटा झाला, वर गेला. तो खरंच वर गेला. मग त्यांनी एकेक चित्र पेटीवर घेतलं. पंधरा, सोळा. सतरावं ठेवलं आणि त्या थांबल्या.

चेंडूच्या खालून निळ्या शाईच्या ओळी वर आल्या होत्या. उलट्या, तिरक्या, मधेच खोडलेल्या. मी ते अक्षर कुठूनही ओळखलं असतं. शोकेसवरचा कागद म्हणजे तुमचा, असं मीच अण्णांना सांगितलं होतं. पाणी यायची वाट बघत अण्णा पहाटे लिहीत बसले असणार, मोटार लावायला उठताना त्यांनी तो परत तिथंच ठेवला असणार. आणि मी उचलताना मागची बाजू बघितली नव्हती. पुन्हा एकदा.

एक अक्षर जरी असलं तर येऊ नकोस, हे त्यांचं वाक्य मला शब्दाशब्दानं आठवलं.

बाईंनी कागद उलटा केला आणि वाचला. एक ओळ मोठ्यानं वाचली, "'आठ दिवसांनी पाणी येणार असेल, तर त्या दिवशी बुडालेली हजेरी कोण भरून देणार?' कोणी लिहिलंय?"

"वडिलांनी. चुकून. त्यांना वाटलं बिघडलेला कागद आहे."

"त्यांना वाटलं. आणि तू?"

"मी मागं बघितलं नाही."

त्यांनी तो कागद गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला. आता गठ्ठा परत देतील म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात कोरा कागद दिला.

"सतरा परत काढ. सोळा आणि अठरा खाली घे. तिकडं बस."

तिकडं म्हणजे दुसऱ्या टेबलाशी. मी बसले. माझ्या पट्टीच्या बोल्टांत तिन्ही कागद अडकवले, दिवा लावला. खालून दोनच चेंडू दिसत होते, एक जमिनीवर पोहोचत असलेला आणि एक जमिनीवरून सुटलेला. त्यांच्या मधला मला काढायचा होता. मी तो कागदाच्या मधोमध काढला. बाई मागून म्हणाल्या, बुधवारी येताना खोडरबर दुसरा आण, हा कागद खातोय. निघताना मी बाजूला ठेवलेला अण्णांच्या अक्षरांचा कागद पिशवीत घातला.

घरी आले तेव्हा अण्णा पिंपांवर झाकणं ठेवत होते. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

"झालं का?"

"व्हय. बुधवारपासून."

त्यांनी शेवटचं झाकण ठेवलं, हात पुसले आणि शोकेसकडे गेले. वरचा ढीग दोनदा खालीवर करून पाहिला.

"माझा एक कागद व्हता हितं," ते म्हणाले. "अर्धंच लिहिलं व्हतं."

मी पिशवीतून सतरावा चेंडू काढून त्यांच्या हातात दिला.